मोसंबीच्या बागेतली सार्वजनिक विहीर

केदारखेडा,
४ नोव्हेंबर १९९८

अजमत,

खुशाली विचारायला हे पत्र न्हाई. कचेरीसमोरच्या लिंबाखाली टाइपरायटर मांडून दुसऱ्यांचे अर्ज बडवणाऱ्याला काय होतंय? मला तुझ्याकडून एक काम पाहिजे.

गेल्या साली एप्रिलात मी इतिहासाचा पेपर अर्धा टाकून उठलो, तेव्हा तू हॉस्टेलच्या दारात आडवा आल्तास. मी म्हणलो, आई आजारी आहे. आई ठणठणीत होती. झुंबरची सुपारी फुटणार होती. झुंबर म्हणजे आमच्या गावच्या कडूबाची मुलगी, दहावीपर्यंत माझ्याच वर्गात. तिच्यासाठी कॉलेजात गेलो अन् तिच्यासाठीच कॉलेज सोडलं. दोन वर्षं एका खोलीत राहून मी तुला हे सांगितलं न्हाई, त्याच्या शिव्या नंतर दे.

मी पोचलो तेव्हा कडूबाच्या ओसरीवर बोरखडीचा रामराव लोडाला टेकून बसला होता. मी सगळ्यांसमोर म्हणलो, "कडूबाकाका, ही पोरगी मला द्या." कडूबा खाली बघत बसला. रामराव हसला. "पेपर सोडून आलास म्हणं? बाबा, जो तीन तास एका जागी बसू शकत न्हाई, त्याला मी बैलामागंसुद्धा ठेवत न्हाई." सारी ओसरी हसली. त्याची बायको तर पदर तोंडात धरून हसली. मे महिन्यात झुंबर त्याच्या पोराला, रामकिसनला दिली. लग्नाला मी गेलो न्हाई. घरात तिचा विषय काढायचा न्हाई असं मी बजावून ठेवलंय. मी ताट फेकतो हे माहीत असल्यामुळं कुणी काढतबी न्हाई.

आता काम. परवा एका मोसंबीवाल्याच्या ट्रकवर हमाली करायला बोरखडीला गेल्तो. रामरावची बाग अशी हिरवीगार की डोळे दुखावेत. मधोमध पक्की बांधलेली विहीर, पाच हॉर्सपावरची मोटर. विहिरीला लागून कडब्याची गंजी. पाणी प्यायला वाकलो तर गंजीमागं फरशी दिसली. कडबा बाजूला केला. फरशीवर कोरलंय: "सार्वजनिक विहीर, मागास वस्ती, ग्रामपंचायत बोरखडी." ती वस्ती तिथून मैलभर लांब आहे, अजमत. तिथल्या बाया नाल्यातल्या झिऱ्यावर वाटीनं पाणी भरतात. सरकार मागास गावाला पैसा देतं अन् तो रामरावच्या मोसंबीच्या मुळाला जातो.

किती निधी आला, कधी आला, काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणाच्या सहीनं गेला, हे मला काढून दे. वस्तीचा कळवळा आला असं समजू नको. मला हा माणूस पडलेला पाहायचाय. त्याच ओसरीवर.

तुझा,
धर्मराज


जालना,
१९ नोव्हेंबर १९९८

धर्मा,

शिव्या उधार ठेवल्या. दोन वर्षं माझ्या हातचा चहा पिलास अन् दिलात एवढं मोठं झुंबर टांगलेलं सांगितलं न्हाई. अब्बांना सांगितलं तर म्हणले, "त्या पोराला म्हणाव, इश्क करायचा तर पेपर पुरा करून करावा, निकालाला तेवढाच वेळ लागतो."

तुझं काम झालं. मागास वस्तीच्या पाण्यासाठी बोरखडीला दोन लाख दहा हजार मंजूर झाले. गेल्या मार्चअखेर सगळे खर्च पडले. दाखल्यात लिहिलंय: विहिरीला बारमाही पाणी लागले असून वस्तीस पुरवठा सुरू आहे. जागा म्हणून वस्तीजवळचं गायरान दाखवलंय.

पण एक गोष्ट बराबर ऐक. सही रामरावची न्हाई. बोरखडीचं सरपंचपद या खेपेला बाईसाठी राखीव आहे. सही सरपंच पुष्पाबाई यांची. रामरावचं नाव अख्ख्या फाइलीत कुठंच न्हाई. ही पुष्पाबाई कोण, ते आधी बघ. जल्दी करू नको.

अजमत


केदारखेडा,
२७ नोव्हेंबर १९९८

अजमत,

पुष्पाबाई कोण, हे विचारायला लागतं का? पद बाईला गेलं की घरचा कारभारी आपल्या बायकोला उभी करतो अन् आपण खुर्चीवर बसतो. इकडं दहा गावांत असंच चाललंय. रामरावची बायको ती! गावात तिला सगळे मोठ्या बाई म्हणतात, कागदावरचं नाव आज कळलं. तीच, पदर तोंडात धरून हसणारी. मी तर फक्त नवऱ्याचा विचार करून राह्यलो होतो, देवानं जोडी दिली.

काल वस्तीत जाऊन आलो. तिथं तुळजाबाई म्हणून एक आहे, साठीची, आवाज असा की नाल्याच्या पलीकडची शेरडं थांबावीत. तिला म्हणलो, तुमच्या नावाची विहीर रामरावच्या बागेत आहे.

"ठावं हाय," ती म्हणली. "खोदायला माझाच पोरगा होता."

"मंग गप्प का बसलात?"

"कुणापुढं बोंबलू? सरपंचबाईचं तोंड कधी पाह्यलं न्हाई. रामराव म्हणतो, बाईला विचारा. बाई घरात. घरात आमी जायचं न्हाई." मंग तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अन् तुला रं काय पडलंय आमच्या पाण्याचं? तू तर केदारखेड्याचा."

मी म्हणलो, समाजसेवा. ती अशी बघत राह्यली की मला खाली बघावं लागलं. पण अंगठा तिनंच पहिला दिला. बायांचे त्रेचाळीस अंगठे झाले. रामरावच्या भीतीनं पुरुष एकही आला न्हाई.

सोबत अर्ज आहे. टाइप करून साहेबांच्या हातात पडेल असं कर. सरपंचबाईबद्दल मी जे लिहिलंय त्यातला एक शब्द कमी करायचा न्हाई.

धर्मराज


जालना,
१२ डिसेंबर १९९८

धर्मा,

पाच प्रती काढल्या, दाखल केल्या, आवक नंबर पडला. तुझे पाच शब्द मात्र मी उडवले. "राक्षसीण" अन् "चेटकीण" एकाच ओळीत होत्या, अर्ज आहे की भुताखेताची गोष्ट? "लोभी, अप्रामाणिक बाई" तेवढं ठेवलं, तुझ्या समाधानासाठी.

खरं सांगू का, हा अर्ज टाइप करताना माझी बोटं अडखळली. का, ते समोरासमोर बोलू. एवढंच ध्यानात ठेव, कागद नेहमी सही करणाऱ्याला धरतो. करवून घेणारा बाजूला उभा राहून तमाशा बघतो.

अजमत


केदारखेडा,
२ फेब्रुवारी १९९९

अजमत,

अर्ज मागं घे. जमेल तसा घे. माझ्या नावानं वाटेल ते लिही, पण मागं घे.

परवाच्या गुरुवारी चौकशीचे साहेब जीपनं बोरखडीला आले. मी मारुतीच्या पारावर जाऊन बसलो होतो. नवा शर्ट घातला होता, अजमत. रामराव पडताना पाहायचं म्हणून नवा शर्ट. पंचायतीसमोर गाव जमलं. तुळजाबाई अन् वस्तीतल्या बाया एका कडेला. साहेबांनी विचारलं, "सरपंच कुठं आहेत?"

रामराव म्हणला, "घरात आहेत. बाईमाणूस आहे, मीच बोलतो."

"मी सरपंचाशी बोलायला आलोय."

तेव्हा रामकिसन घराकडं गेला अन् थोड्या वेळानं बायकोला घेऊन आला. डोक्यावरून पदर, मान खाली, हाताला अजून पीठ. मला वाटलं सासूला आधार द्यायला सून आली असेल, म्हातारी मागून येईल. मागून कुणी आलं न्हाई. साहेब म्हणले, "आपलं नाव?"

"पुष्पाबाई रामकिसन," ती म्हणली.

तो आवाज मी दहा वर्षं वर्गात ऐकलाय. पुष्पाबाई म्हणजे झुंबर होती.

लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, हे आपल्याकडं कोणत्या पोराला माहीत न्हाई? पन्नास लग्नांत मी त्या ताटाभोवती गर्दी केलीय. हिचं ताट तेवढं पाह्यलं न्हाई, अन् घरात कुणाला बोलू दिलं न्हाई. झुंबर हे नाव जुनाट वाटलं म्हणून रामकिसननं पुष्पा ठेवलं, हे मला परवा आईनं सांगितलं. बाकी सगळ्या गावाला ठाऊक होतं.

साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला. "ही लोभी व अप्रामाणिक बाई गोरगरिबांच्या तोंडचे पाणी पळवून..." पूर्ण वाचला, खाली माझ्या नावासकट. नाव ऐकल्यावर तिनं मान वर केली अन् थेट पाराकडं पाह्यलं. रागानं पाह्यलं असतं तर बरं झालं असतं. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला की आपण वळून बघतो, तसं पाह्यलं.

रामराव हसून राह्यला होता. त्याला पाडायला निघालो अन् त्याच्या हातात मीच काठी दिली.

अर्ज मागं घे.

धर्मराज


जालना,
९ फेब्रुवारी १९९९

धर्मा,

अर्ज असा मागं येत न्हाई. त्यावर तू एकटा न्हाईस, त्रेचाळीस अंगठे आहेत. पाच मार्चला पुन्हा चौकशी आहे. दाखला खोटा ठरला तर तिचं पद जाईल, रक्कम तिच्याकडून वसूल होईल, पोलिसातही देऊ शकतात.

पुढचं वाचून मला काय म्हणायचं ते म्हण. काल रामराव माझ्या खुर्चीसमोर येऊन बसला. जबाब टाइप करून घेतला: "सर्व व्यवहार माझी सून हिने परस्पर केला असून मला त्याची काहीएक माहिती नव्हती." मी टाइप केला. पोटाचा धंदा आहे, न्हाई कसं म्हणणार? जाताना म्हणला, "तू त्या केदारखेड्याच्या पोराचा दोस्त ना? त्याला सांग, रागाच्या भरात खोटा अर्ज केला, बायांचे अंगठे फसवून घेतले, असं शपथपत्र दे. मी हा जबाब फाडतो. पोरगी सुटंल."

आणखी एक आहे, ते तुला नोव्हेंबरातच सांगायला पाहिजे होतं. विहिरीचा तो दाखला मीच टाइप केलाय. गेल्या मार्चात बोरखडीचा ग्रामसेवक भुजंग कागद घेऊन आला होता. कागद कोरा, खाली फक्त सही. मला म्हणला, सहीच्या वर बसंल एवढा मजकूर घाल. मार्चअखेरीला असं रोज होतं, सही आधी, मजकूर मागून. मी ओळी मोजल्या अन् बसवला. सहीशेजारी पिठाचा पांढरा ठसा होता, तो मी झटकला. तुझ्यासाठी फाइल पाहताना तो दाखला ओळखला, अन् गप्प बसलो. खुर्ची जाईल ही भीती.

आता तू ठरव.

अजमत


केदारखेडा,
१५ फेब्रुवारी १९९९

झुंबर,

तुळजाबाईच्या हाती हे पाठवतोय. माफी मागायला तोंड न्हाई. ती पुष्पाबाई म्हणजे तू, हे मला ठाऊक नव्हतं. मी तुझ्या सासूला समजून बसलो. त्या ओसरीवर मला जे हसले त्यांचा सूड घ्यायचा होता, अन् तुझाच घात केला.

रामराव म्हणतो, मी शपथपत्र दिलं तर तू सुटशील. मी द्यायला तयार आहे. अर्ज खोटा होता म्हणून सांगतो. मला आत टाकलं तरी चालंल. वीस तारखेला जालन्याला जाऊन सही करतो. तुझ्यासाठी एक पेपर सोडला, आता हा रागही सोडतो. तू फक्त हो म्हण.

तुझा (हा शब्द लिहायचा हक्क न्हाई, तरी),
धर्मराज


बोरखडी,
१८ फेब्रुवारी १९९९

धर्मराज,

तुझं पत्र तुळजामावशीनं शेणाच्या पाटीत लपवून आणलं, गोठ्यात उभं राहून वाचलं. उत्तरही इथंच लिहितेय, त्यामुळं अक्षराला नावं ठेवू नको.

शपथपत्र देऊ नको.

तू म्हणतोस मी सुटेन. सुटून कुठं जाईन? त्याच चुलीपुढं. भुजंगभाऊजी कागद घेऊन येतात ते नेमके मी भाकरी थापताना. "वहिनी, इथं. अन् इथं." मी एकदा म्हणलं, वाचू द्या. सासूबाई म्हणाल्या, "दहावी झाली म्हणून काय कलेक्टरीण झालीस का? तव्यावरची करपंल." सतरा कोऱ्या कागदांवर सह्या केल्या मी. विहिरीचा दगड बसवला त्या दिवशी घरी पुरणपोळी केली, तीही मीच. कशाबद्दलची पोळी, ते कुणी सांगितलं न्हाई. तुझ्या अर्जातून कळलं.

तो अर्ज साहेब वाचत होते तेव्हा मला लाज वाटली न्हाई. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला मी काय केलंय ते वाचून दाखवत होतं. नंतर तुझं नाव ऐकलं अन् मनात आलं, हा वस्तीतल्या बायांसाठी आला न्हाई. माझ्यासाठीबी न्हाई. ओसरीवर लोक हसले म्हणून आलाय.

आता तू त्या त्रेचाळीस बायांना खोटं ठरवणार. अंगठे फसवून घेतले म्हणणार. कुणासाठी? माझ्यासाठी? मला कधी विचारलंस? मामंजींनी माझ्या नावावर विहीर पाडली, मला न विचारता. तू माझ्या नावावर अर्ज केलास, मला न विचारता. एप्रिलात तू आमच्या ओसरीवर येऊन "ही पोरगी मला द्या" म्हणलास, तेव्हाही मी आत दारामागं उभी होते. तू बापाला विचारलंस.

सगळं मी केलं असा जबाब त्यांनी लिहून ठेवलाय, हे मला माहीत आहे. रात्रंदिवस ज्या माणसाला गरम भाकरी वाढली, त्यानं. तुझा राग एका हसण्याचा आहे. माझा जड आहे, अन् तो मलाच फेडून घ्यायचाय. पाच तारखेला मी बोलणार आहे. तू शपथपत्र दिलंस तर साहेबांसमोर सांगेन की हाही खोटाच माणूस आहे.

येणार असशील तर ये, पण मधे बोलू नको.

झुंबर


बोरखडी, खालची वस्ती,
७ मार्च १९९९

अजमत,

मी शपथपत्र दिलं न्हाई. मधे बोललोही न्हाई. दातांनी आतून गाल धरून उभा होतो.

रामरावनं जबाब पुढं केला. साहेबांनी वाचला अन् झुंबरला विचारलं, "हे खरं आहे?"

ती म्हणली, "सह्या माझ्या आहेत. कागद कोरे होते. कोऱ्या कागदावर सही केली हा माझा गुन्हा, तो आधी लिहा. मंग चला, विहीर दाखवते."

"पुष्पा! घरात हो!" रामराव ओरडला.

"मामंजी, मी सरपंच म्हणून बोलून राह्यले," ती म्हणली अन् चालायला लागली. पुढं ती, मागं साहेब, भुजंग, मागं घागरी घेतलेल्या वस्तीतल्या बाया. घागरी कुणी आणायला सांगितल्या ते मला ठाऊक न्हाई. तुळजाबाई रामरावजवळून जाताना म्हणली, "पाटील, बाईला विचारा म्हणत होता ना? इचारलं!"

बागेत गेल्यावर झुंबरनं स्वतः कडब्याच्या पेंढ्या ओढून फेकल्या. फरशी उघडी पडली. रामकिसन मोटरीजवळ उभा होता. त्याला म्हणली, "बंद करा." तो बापाकडं बघत राह्यला. तिनं त्याला बाजूला सारून खटका खाली ओढला. पाटातलं पाणी थांबलं. पंचनामा झाला. मंग तुळजाबाईनं दोर सोडला अन् पहिली घागर वर काढली, रामरावच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच बागेत. तो मोसंबीच्या बुडाशी खाली बसला. अजमत, मला वाटलं होतं असं बघितल्यावर छाती भरून येईल. आलीही. खोटं बोलणार न्हाई, ते मिनिट मला फार गोड लागलं.

मंग तुळजाबाईनं तांब्या भरून झुंबरपुढं धरला. सगळ्या गावासमोर. रामरावच्या घरात वस्तीतल्या हातचं पाणी आजवर कुणी पिलेलं न्हाई. झुंबरनं तांब्या घेतला अन् घोट-घोट करून रिकामा केला, सासऱ्याकडं बघत. रामराव तेव्हा पडला. अर्जानं न्हाई, साहेबानं न्हाई, त्या तांब्यानं.

ती त्या घरी परत गेली न्हाई. कडूबा न्यायला आला, त्यालाही म्हणली, "एकदा देऊन झालंय ना?" आता ती इथं वस्तीत तुळजाबाईकडं आहे. पद जाणार हे तिला माहीत आहे.

काल मी इथं आलो. म्हणलो, माझ्याकडं चल. ती म्हणली, "कागद आणलास का?" आणला होता. तिनं अर्ज सांगितला अन् मी लिहिला. रामरावकडून वसुली व्हावी अन् बागेतून वस्तीपर्यंत पाइप टाकावा. मी मधेच "नराधम" लिहिलं, तर तिनं वाकून पाह्यलं अन् खोडायला लावलं. पुन्हा म्हणलो, "झुंबर, माझं काय?" म्हणली, "पुढं लिही." तीन वेळा वाचून दाखवला, तेव्हा सही केली.

सही आधी, मजकूर मागून, हे सांगणारा साक्षीदार लागतो. मी तुझं नाव लिहिणार होतो, तिनं हात धरला. "त्यांची खुर्ची जाईल. आधी विचार." म्हणून विचारून राह्यलो. अर्ज टाइप करायला सोबत पाठवलाय. लिहू का?

धर्मराज


जालना,
११ मार्च १९९९

धर्मा,

लिही. अजमत लालमियाँ, टंकलेखक. वय बावीस. पूर्ण पत्ता मीच घातलाय.

अब्बा म्हणले, खुर्ची दुसऱ्या लिंबाखालीही मांडता येते.

हे पत्र घाईत आहे. तुमच्या अर्जाची चौथी प्रत मशीनवर आहे. समोरच्या बाकड्यावर रामराव बसलाय, नवा जबाब टाइप करून घ्यायचाय म्हणतो. अर्धा तास झाला, ऊन थेट त्याच्या तोंडावर येऊन राह्यलंय. आत्ता वैतागून म्हणला, "आरं, कुणाचं एवढं लांबलचक काम आहे?"

मी म्हणलो, "तुमचंच. बसा."

अजमत